एक भिंत जाड करा

चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागलं, की भूगाव, भुकूम, पिरंगुट अशी गावं लागतात. एका बाजूला कौलारू घरं, पडवीत बांधलेली म्हैस, अंगणात पसरलेलं भात. त्यांना खेटूनच बारा-पंधरा मजली इमारती. मुळशी तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, हिंजवडी, माण, मारुंजीकडे तर कौलं शोधावी लागतात. तिथे राजीव गांधी आयटी पार्क आलं, त्यामागून नोकरदार आले आणि त्यांच्यासाठी एक नि दोन बेडरूमचे हजारो फ्लॅट आले. या फ्लॅटांत बाहेरून आलेली माणसं राहतात, तशी मुळशीतलीच राहतात. वडिलोपार्जित घर कोळवण खोऱ्यात, नोकरी पिरंगुटच्या कारखान्यात आणि संसार साडेचारशे चौरस फुटांत, अशी कितीतरी कुटुंबं आहेत.

या घरांमधून फिरताना सगळीकडे एकच तक्रार ऐकू येते: जागा पुरत नाही. घर घेताना तीच माणसं म्हणाली होती, तिघाचौघांना एवढं पुष्कळ झालं. माणसांना जागा पुरतेच, पुरत नाही ती सामानाला. मग पलंगाखाली बॅगा जातात, फ्रिजवर डबे चढतात, बाल्कनीत माठ, सायकल आणि जुना कूलर येतो. शेवटी हॉलमधल्या एका खुर्चीवर कपड्यांचा ढीग कायमचा मुक्काम करतो.

जुन्या घरात यापेक्षा जास्त सामान होतं आणि बहुतेक घरं काही वाड्याएवढी नव्हती. मग ते मावत कुठे होतं?

याचं उत्तर मला पौड खोऱ्यातल्या एका मातीच्या घरात मिळालं. घर तीन खणांचं. भिंत दीड-दोन फूट जाड, आतून शेणामातीनं सारवलेली. माजघरात शिरताच उजव्या हाताला भिंतीतच फडताळ. सागवानी चौकट, दोन झडपा, आत तीन फळ्या. वरच्या फळीवर सातबाऱ्याचे उतारे आणि औषधांच्या बाटल्या, मधल्या फळीवर पितळी डबे, खालच्या फळीवर लोणच्याच्या बरण्या. फडताळाच्या शेजारी दिव्यासाठी देवळी, तिच्या वर कोनाड्यात काडेपेटी आणि चष्मा. दाराच्या मागे तीन खुंट्या: एकीवर इरलं, दुसरीवर कोयता, तिसरीवर टोपी. चुलीच्या डोक्यावर लाकडी माळा.

घरच्या आजींनी माळ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "बियाणं तिथंच ठिवायचं. धूर लागला की किडा लागत न्हाई."

माळ्यावर बियाणं, कांदे आणि पावसाळ्यासाठी सुकं सरपण. शिंक्यावर दूध-दही, कारण तिथवर मांजर पोचत नाही. कोपऱ्यात उतरंड. पडवीत बांबूची, शेणानं लिंपलेली कणगी. तिच्यात वर्षाचं भात. गोधड्या वळणीवर, म्हणजे आढ्याला टांगलेल्या आडव्या बांबूवर. जिन्नस कुठे ठेवायचा हे त्याच्या स्वभावावर ठरलेलं होतं: याला धूर हवा, त्याला वारा हवा, हे अंधारात टिकतं, ते हाताशी लागतं. खाली जमीन मात्र मोकळी, आणि तिच्यावरच जेवणं, झोपणं, निवडणं-टिपणं, बाळंतिणीची खाट, सत्यनारायणाची पूजा असं सगळं व्हायचं.

त्या घरातून बाहेर पडताना जे लक्षात आलं ते इतकं साधं होतं, की आधी कसं सुचलं नाही याचं नवल वाटलं. फडताळ, देवळी, कोनाडा यांना जमिनीचा एक इंचही लागत नव्हता. ते भिंतीच्या जाडीत मुरलेले होते.

नव्या इमारतीत नेमकी ही जाडी गेली. हिंजवडी परिसरातल्या अनेक उंच इमारती अॅल्युमिनियमच्या साच्यांत काँक्रीट ओतून उभ्या राहतात. बांधकामावरची माणसं त्याला 'मायव्हान' म्हणतात. काम भराभर होतं, भिंती सरळ येतात, गिलाव्याचा फारसा पसारा नसतो. पण आतल्या भिंती असतात चार ते सहा इंच जाडीच्या आणि सगळ्या काँक्रीटच्या. तिथे कोनाडा कोरता येत नाही, भिंत फोडायला बंदी असते आणि खिळा ठोकायचा तर हॅमर ड्रिल लागतं. पूर्वीच्या विटांच्या फ्लॅटांत निदान कडप्प्याचे कप्पे आणि स्वयंपाकघरावर माळा मिळायचा. आता पुष्कळ ठिकाणी तोही नसतो. मालकाच्या हाती येते चार कोऱ्या भिंतींची पेटी.

ही पेटी किती मोठी हे निदान आता नीट कळतं. महाराष्ट्रात 2017 च्या मे महिन्यापासून रेरा कायदा पूर्णपणे लागू झाला आणि घर चटई क्षेत्रफळावर विकणं बंधनकारक झालं. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी त्यात धरत नाहीत; घरातल्या मधल्या भिंती मात्र धरतात. पंतप्रधान आवास योजनेच्या पहिल्या टप्प्यात आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटासाठी 30 चौरस मीटरपर्यंतचं चटई क्षेत्र धरलं होतं, म्हणजे सुमारे 323 चौरस फूट. मुंबईच्या बीडीडी चाळींत पिढ्यान् पिढ्या लोक 160 चौरस फुटांच्या खोलीत राहिले. पुनर्विकासात त्यांना 500 फुटांचं घर ठरलं आहे. त्या 160 फुटांतल्या बायकांनी पोटमाळा, पलंगाखालच्या ट्रंका, छताला टांगलेल्या दांड्या आणि भिंतभर मांडणी यांच्या जोरावर सात-आठ माणसांचा संसार केला. त्या खोल्यांत ट्रंकेची उंची पलंगाच्या पायांवरून ठरायची. ही हुशारी माझ्या पाहण्यातल्या कुठल्या पुस्तकात लिहिलेली नाही, याची मला खंत आहे.

आपण आज नेमकं उलटं करतो. किल्ली मिळाली की आधी सोफा, मग टीव्हीचं युनिट, मग पलंग, मग डायनिंग टेबल. सामानाचा विचार सगळ्यांत शेवटी. दहा बाय दहाच्या बेडरूमचा हिशोब करून बघा. सहा बाय साडेसहाचा पलंग 39 चौरस फूट खातो. सहा फूट रुंद, दोन फूट खोल कपाट आणखी 12. उरले 49, आणि त्यातही कपाटाचं दार उघडायला, पलंगाभोवती फिरायला वाट हवी. मुलाच्या अभ्यासाचं टेबल आलं की खोली संपली.

माणमधल्या एका फ्लॅटमध्ये मी याच्या उलट घडलेलं पाहिलं. घर 430 चौरस फुटांचं. नवरा-बायको, शाळकरी मुलगी आणि सासूबाई. सुतार बोलवायच्या आधी घरच्या बाईंनी दोन आठवडे फक्त मोजमापं घेतली. सर्वांत उंच डबा किती, मिक्सर किती, परातीचा व्यास किती, घडी घातलेल्या सहा गोधड्यांचा थर किती, सासूबाईंची पोथ्यांची पेटी किती, गौरींचे मुखवटे ठेवलेला खोका किती. शाळेच्या वहीची पानं भरली. मग त्यांनी ठरवलं की हॉलमध्ये कपाटं, युनिटं, शोकेस असं वेगवेगळं काही घ्यायचं नाही. हॉल आणि बेडरूमच्या मधली दहा फुटांची भिंत जमिनीपासून छतापर्यंत सामानाची करायची. खोली फक्त 14 इंच.

म्हणजेच त्यांनी जाड भिंत परत आणली.

भिंतीचा खालचा भाग गुडघ्यापर्यंत बंद: जड डबे, इस्त्री, हत्यारांची पेटी, मुलीच्या जुन्या वह्या. त्यावर कमरेपर्यंत ड्रॉवर. कमरेपासून डोक्यापर्यंतचा भाग सर्वांत मोलाचा, कारण तिथे वाकावं लागत नाही आणि स्टूलही लागत नाही. तिथे रोजचं सगळं. मधोमध टीव्हीपुरती मोकळी जागा. उजवीकडे देवघर, त्याच्या मागे पांढरी फरशी, म्हणजे निरांजनाच्या काजळीनं लाकूड काळं पडत नाही. देवघराखालच्या अरुंद खणात उदबत्ती, वाती, तेलाची बाटली, पंचांग. डावीकडे एक उभी झडप, ती खाली पाडली की टेबल होतं: सकाळी त्यावर पोळ्या लाटल्या जातात, संध्याकाळी अभ्यास होतो. सर्वांत वर, छताला लागून, वर्षातून एकदा लागणारं सामान: मखर, आकाशकंदील, विजेच्या माळा, गौरींचा खोका. प्रत्येक झडपेच्या आतल्या बाजूला आत काय आहे त्याची यादी चिकटवलेली, सासूबाईंच्या सुवाच्य अक्षरात.

हिशोब असा. दहा फूट लांब, 14 इंच खोल आणि नऊ फूट उंच भिंतीत सुमारे 105 घनफूट जागा मिळते, आणि जमीन जाते पावणेबारा चौरस फूट. घरोघरी असतं तसं पोलादी कपाट, तीन फूट रुंद आणि साडेसहा फूट उंच, साधारण 31 घनफुटांचं. तशी तीन कपाटं ठेवली तर चौदा चौरस फुटांहून जास्त जमीन जाते, वर दीड-दोन फुटांची पोकळी वाया आणि दारं उघडायला वेगळी जागा. पोलादी कपाटाशी माझं वैर नाही. गोदरेजनं 1923 साली अशी कपाटं बनवायला घेतली आणि लग्नात लेकीला कपाट द्यायची रीत पडली. ती टिकतातही दोन पिढ्या. पण ती मोठ्या घरांच्या मापाची आहेत.

खोली 14 इंच का, यालाही कारण आहे. कपाट दोन फूट खोल केलं की डब्यांची दुसरी रांग लागते आणि मागच्या रांगेतलं काहीही आपल्याला आठवत नाही. बारा-चौदा इंचांत एकच रांग राहते. परात उभी, पाठीला टेकवून राहते. साड्यांच्या घड्या मावतात. हँगरवरच्या शर्टांना मात्र बावीस इंच लागतात. ते बेडरूममधल्या दोन फुटी कपाटातच हवेत. स्वयंपाकाच्या ओट्याखाली दोन फुटांची खोली अटळ असते, तिथे ट्रॉल्या हव्यात. फळी टाकून भागवलं, तर कुकर काढायला जमिनीवर बसावं लागतं.

ज्या घरात जागेची चणचण आहे तिथेच हॉलभर खोटं छत केलेलं दिसलं की जीव हळहळतो. दहा बाय पंधराच्या हॉलला सहा इंच छत खाली आणलं की 75 घनफूट पोकळी कायमची बंद होते. जवळजवळ अडीच कपाटांची जागा चार दिव्यांसाठी गेली! राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या खोलीची उंची किमान पावणेतीन मीटर मागितली आहे, म्हणजे नऊ फूट. छोट्या घरात ही उंची हीच खरी श्रीमंती आहे.

बॉक्सच्या पलंगाबद्दलही माझं मत स्पष्ट आहे. त्याच्या पोटात पस्तीसेक घनफूट मावतं हे खरं, पण गादी उचलल्याशिवाय काही निघत नाही. पाहुण्यांच्या गाद्या आणि रिकाम्या बॅगा यांच्यापलीकडे त्यात काही ठेवू नये. आणि मुळशीत तर आणखी एका कारणानं ठेवू नये. ते कारण म्हणजे पाऊस.

पुण्याच्या पेठांत बसून लिहिलेले सल्ले मुळशीत फसतात ते इथेच. 25 जुलै 2024 ला ताम्हिणीत चोवीस तासांत पाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. हिंजवडी-पिरंगुटला तेवढा पडत नाही, पण जून ते सप्टेंबर हवा ओलीच असते. बंद कपाटातल्या कातडी पट्ट्यावर पांढरी बुरशी येते, ठेवणीतल्या सुती साडीला वास लागतो, पुस्तकांच्या कडा लहरतात. पश्चिमेच्या, पावसाचा मारा झेलणाऱ्या बाहेरच्या भिंतीला कपाट चिकटवलं तर पाठ ओल धरणारच. पिरंगुटजवळच्या एका घरात मी अशा कपाटाची पाठ उघडलेली पाहिली. प्लायवूडचे थर पापुद्र्यांसारखे सुटले होते आणि खालच्या कडेला वाळवीनं घर केलं होतं. समोरचं सनमायका मात्र आरशासारखं चकचकीत! घरच्यांना चार वर्षं पत्ता लागला नव्हता.

म्हणून जाड भिंत करायची ती घरातल्या आतल्या भिंतीला. बाहेरच्या भिंतीलाच करावी लागली तर पाठ आणि भिंत यांत इंचभर फट हवी. कपाट चार इंची पायांवर उचललेलं असावं, म्हणजे फरशी पुसताना पाणी लाकडात जात नाही. झडपांना वर-खाली जाळी किंवा भोकं असावीत. कणगीला, वळणीला जो वारा मिळत होता तो नव्या कपाटालाही लागतो. प्लायवूड घेताना दुकानदार 'वॉटरप्रूफ' म्हणतो एवढ्यावर भागत नाही. फळीवर आयएस 710 चा शिक्का बघा. ते मरीन प्लाय. त्याचा तुकडा 72 तास उकळत्या पाण्यात ठेवून थर सुटत नाहीत ना, हे तपासतात. आयएस 303 च्या एमआर प्रतीचं प्लाय दमट हवेपुरतं चालतं, सिंक आणि बाथरूमच्या शेजारी नाही. बेडरूमच्या आतल्या भिंतीला तेवढं पुरतं, सगळीकडे महाग माल लावायची गरज नाही. भुशाचा पार्टिकल बोर्ड पाणी लागलं की फुगतो आणि मग बिजागरीचा स्क्रू त्यात धरत नाही.

पौडकडच्या एका जुन्या सुतारकाकांनी मला जे दाखवलं ते कुठल्याच माहितीपत्रकात नसतं. त्यांनी एका नव्या कपाटाची झडप काढली, उलटी धरली आणि खालच्या कडेवर बोट फिरवलं. समोरून दिसणाऱ्या तिन्ही कडांना पट्टी होती, जमिनीकडची कड कोरी.

"पाणी इथनंच चढतं बघा," ते म्हणाले. "लोक तोंड बघून पैसे देतात. मी पहिल्यांदा बुड बघतो."

त्यांच्याकडूनच समजलं, की आतून रंग मारून भागवलेल्या आणि बाहेरून सनमायका लावलेल्या झडपा पावसाळ्यात वाकतात, कारण एक बाजू ओल घेते आणि दुसरी घेत नाही. बाहेर एक मिलिमीटर जाडीचं आणि आत पातळ का होईना, दोन्ही बाजूंना लॅमिनेट हवं. बरेचसे सुतार दर लावतात तो समोरून दिसणाऱ्या चौरस फुटावर. आतल्या फळ्या, पाठ, कडा यांत काय घातलं हे त्या आकड्यात दिसत नाही. काम सुरू व्हायच्या आधी ते कागदावर लिहून घ्यावं.

पावसाळ्याचा आणखी एक घोळ म्हणजे ओले कपडे. चार महिने हॉलमध्ये स्टँड उघडा पडलेला असतो आणि निम्मी खोली त्यानंच जाते. ड्राय बाल्कनीच्या छताला पुलीवर खाली-वर होणाऱ्या सहा दांड्या हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. चाळीतल्या दांड्या आणि काठी यांचीच ही सुधारलेली आवृत्ती. पंखा त्या दिशेला तोंड करून बसवला तर कपडे वासही धरत नाहीत.

मुळशीतल्या घराचं एक सामान असं आहे, जे बंगळुरूच्या किंवा गुडगावच्या डिझायनरच्या आराखड्यात येणार नाही: गावाकडचं धान्य. आंबेमोहोर हा या भागाचा अभिमान. गावी शेत असलं की दिवाळीनंतर पोती येतातच, आणि नको म्हणणं म्हणजे आईवडिलांच्या कष्टाला नको म्हणणं. पण शंभर किलो गहू म्हणजे सुमारे 130 लिटरची जागा, तांदळाचंही जवळपास तेच. दोन्ही मिळून छोट्या फ्रिजएवढा ऐवज! ज्या घरांनी हे नीट सोडवलं त्यांनी एकच केलं: भात गावच्या घरीच राहू दिलं आणि दर दीड-दोन महिन्यांनी लागेल तेवढंच भरडून आणलं. सालासकट भात तांदळापेक्षा बरं टिकतं, हे कणगी लिंपणाऱ्यांना ठाऊक होतंच. फ्लॅटमध्ये पंचवीस-तीस किलोंचे दोन स्टीलचे डबे पुरतात. जमिनीपासून उचललेले, ओल्या भिंतीपासून दूर, आत कडुनिंबाचा वाळलेला पाला.

हे गावंढळ वाटत असेल त्यांच्यासाठी एक गोष्ट. जर्मनीत फ्रँकफुर्ट शहरानं कामगारांसाठी हजारो छोटी घरं बांधली, तेव्हा 1926 साली मार्गारेट शुटे-लिहोट्स्की या वास्तुरचनाकार स्त्रीनं त्यांचं स्वयंपाकघर आखलं. जेमतेम 1.9 मीटर रुंद आणि 3.4 मीटर लांब. बाईला कामात किती पावलं चालावी लागतात याच्या अभ्यासावर तिनं एकेका वस्तूची जागा ठरवली. तांदूळ, साखर वगैरेंसाठी नावं घातलेले अॅल्युमिनियमचे खण, ओतायला चोच असलेले. पिठाचे खण मात्र ओक लाकडाचे, कारण त्या लाकडानं पिठात अळ्या होत नाहीत. आज जगभर ज्याला मॉड्युलर किचन म्हणतात त्याची ही आजी, आणि तिचं बोट थेट आपल्या कडुनिंबाच्या पाल्याकडे जातं. कॅटलॉगातून चकचकीत शटर निवडताना आपण तिची ही बाजूच विसरतो.

भाडेकरूंचं काय? हिंजवडीत अकरा महिन्यांच्या करारावर राहणारी मुलं-मुली मोप. त्यांना भिंतीत भोक पाडायची परवानगी नसते आणि पुढच्या वर्षी घर कुठे असेल याची खात्री नसते. त्यांनी सुताराच्या नादी लागू नये. दुकानांत, गोदामांत असतात ते लोखंडी अँगलचे नट-बोल्टवाले रॅक घ्यावेत, 12 किंवा 15 इंच खोलीचे. नट सोडले की रॅक टेम्पोत आडवे जातात आणि नव्या घरात फळ्यांची उंची बदलता येते. समोर जाड सुती पडदा सोडला की दिसतातही छान आणि वाराही लागतो. माणजवळ तिघी मैत्रिणींच्या फ्लॅटमध्ये असे दोन रॅक भिंतीसारखे लावलेले पाहिले. पडदा इरकली लुगड्याचा. शेजारी बांबूच्या तीन टोपल्या, पुण्यातल्या बुरूड आळीतून आणलेल्या: एक धुवायच्या कपड्यांची, एक कांदे-बटाट्यांची, एक चार्जर-वायरींची. ते घर पाहून मला फार बरं वाटलं. कमी पैशांत देखणं करायला नजर लागते, आणि ती त्या मुलींकडे होती.

चपलांचं कपाट मात्र मालक असो वा भाडेकरू, बहुतेकांनी दाराबाहेर ठेवलेलं असतं. सार्वजनिक वाट मोकळी ठेवायची ती आग लागली तर धावता यावं म्हणून. दहाव्या मजल्यावर धुरात अंधारात माणूस अडखळणार तो याच कपाटाला. आठ-नऊ इंच खोलीचं, तिरप्या कप्प्यांचं कपाट दाराच्या मागे आत मावतं.

ज्यांना या वर्षी सुतारकाम काढायचं आहे त्यांनी दिवाळी उरकली की लगेच काढावं. पावसाळ्यात फुगलेलं लाकूड आणि प्लाय थंडीत आकसतात. ऑगस्टात नीट बसलेली झडप जानेवारीत फट दाखवते. फराळाचे डबे रिकामे होईपर्यंत वही घेऊन बसा, घरातली परात, मिक्सर, गोधड्या, पोथ्या मोजा. मोजताना ज्याला वर्षभरात हात लागला नाही ते वेगळं काढा. भांडी मोडीत जातात, कपडे कुणाच्या तरी अंगाला येतात. उरलेल्या सामानाचा आकडा हातात आला की मग सुतारकाकांना फोन करा, आणि त्यांनी आणलेल्या पहिल्या फळीचा शिक्का स्वतः वाचा.